भीमेच्या पुलापर्यंतची लीद

पुण्यात जनावरांच्या दवाखान्याला जोडलेल्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. गावोगावहून आलेले शेणाचे नमुने तपासायचे आणि त्यांत जंताची अंडी आहेत का ते सांगायचं, हे माझं काम. नमुने काडेपेटीत येतात, तपकिरीच्या डबीत येतात, एकदा साखरपुड्याच्या पेढ्यांच्या खोक्यात आले होते. प्रत्येकासोबत चिठ्ठी असते आणि त्या चिठ्ठ्यांनीच मला घराबाहेर काढलं. कारण त्यांवर नुसतं 'शेण' असं क्वचितच असायचं. 'म्हशीचा अर्धा पो', 'करडाच्या लेंड्या, पातळ', 'घोडीची लीद, कालची', 'कोंबडीची शीट, हिरवी'. आमचे साहेब या सगळ्यांपुढे एकच शब्द लिहीत: विष्ठा. मला ते पटत नसे. लेंडी सुटी आणि घट्ट असते, म्हणून तर ती लेंडी. 'लेंड्या पातळ' असं मालकानं लिहिलं म्हणजे अर्धं निदान त्यानंच केलेलं असतं.

म्हणून एका डिसेंबरात आठवड्याची रजा काढली आणि शिरूर-दौंडकडचे हे शब्द गोळा करायला निघाले. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. घरी कळवायचं तर एसटीडी बूथ शोधावा लागे. पिशवीत रकाने आखलेली वही, दोन पेन्सिली, रबरी हातमोजे, साबणाची वडी, टॉर्च आणि दशम्या. "लोक रजा काढून महाबळेश्वरला जातात," यजमान म्हणाले. "तिथंही घोडे आहेतच," मी म्हटलं आणि शिवाजीनगरहून एसटी पकडली.

पाबळ

पाबळला एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे उतरले. सगळे त्यांना आबा म्हणतात. अंगणात गोबरगॅसची टाकी, मागं गोवऱ्यांचा रचलेला ढीग. चहा येण्याआधीच मी वही काढली.

"पो म्हंजी जनावर एका टायमाला टाकतं तेवढा," आबा म्हणाले. "सकाळचा एक, दुपारचा एक. ढिगाला पो म्हनायचं न्हाई."

"आणि रानात पडून तिथंच वाळला तर?"

"रानशेनी. ती थापायची न्हाई, वेचायची. तिला बाईच्या हाताची बोटं उमटलेली नसत्यात, मंग गोवरी कशी म्हननार?"

मी टाकीकडे बोट केलं. "मग हिला शेणगॅस का नाही म्हणत?"

आबा हसले. "सरकारी हाय ना ते! सरकारी झालं की त्याचं गोबर होतं."

गंमत अशी की गोवरी आणि गोबर हे एकाच घरातले. दोघांचं मूळ संस्कृत 'गोर्वर', म्हणजे सुकं शेण, असं कोशवाले सांगतात. एक इथंच राहून चुलीत गेला, दुसरा हिंदी मुलखात वाढला आणि गॅस होऊन परत आला. शेणाबद्दल मात्र मतभेद आहेत. कुणी ते 'शकन्'पासून काढतात, कुणी 'छगण'पासून. शेजारच्या गुजरातीत 'छाण' म्हणतात, म्हणून मला दुसरं बरं वाटतं. लेंडी सरळ 'लेंड'वरून. उकिरडा 'उत्कर'वरून, म्हणजे नुसता ढीग. घाणीचा वास त्याला नंतर लागला.

मुक्काम दोन दिवसांचा ठरला होता. पण शब्द पहिल्याच संध्याकाळी संपले आणि मला बसवेना. आबांच्या सूनबाईंनी पिठल्याबरोबर जो लसणाचा ठेचा वाढला, त्याची आठवण ठेवून सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले.

शिरूर, न्हावरे

शिरूरला स्टँडवर उभ्यानंच मिसळ खाल्ली. वरच्या पत्र्यावर कबुतरं होती. एका कॉलेजकुमाराच्या शर्टावर त्यांनी कृपा केली, तेव्हा तो इंग्रजीत ओरडला आणि शेजारची भाजीवाली मराठीत ओरडली. शब्द जवळजवळ तोच. पक्ष्यांची ती शीट आणि ते टाकतात त्याला शिटणं, हे आपल्याकडचं बोलणं आहे. साहेबाच्या शिवीशी त्याचं नातं मला कुठं सापडलं नाही. योगायोग असावा.

दुपारी न्हावरे. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात गायकवाड म्हणून पट्टीबंधक आहेत. मलमपट्टी, टाके, इंजेक्शनं, सगळं त्यांच्या हातचं. वर्षानुवर्षं नमुने पाठवत असल्यामुळे त्यांचं अक्षर मी ओळखत होते, माणूस पहिल्यांदाच पाहिला. उंच, इस्त्रीचा शर्ट, टेबलामागं बाबासाहेबांची तसबीर. "जयभीम मॅडम, आमच्या चिठ्ठ्या वाचनाऱ्या तुम्हीच व्हय?" म्हणाले.

मी वही उघडते तोच दारात एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची, हिरवं लुगडं, हातात काठी, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

"दादा, घोडी गेली," ती म्हणाली.

ही कोंडाबाई. मेंढरंवाली. या भागातल्या तिच्या जातवाल्यांनी बहुतेक मेंढरं विकून शेती धरलीय. तिचं घर अजून फिरतं होतं. रब्बीच्या आधी इकडचे शेतकरी मेंढरं बसवून घेतात. म्हणजे रात्री कळप मोकळ्या रानात जाळी लावून कोंडायचा. सकाळपर्यंत लेंड्या आणि मूत यांनी रान खतावतं. रोज जाळी थोडी पुढं सरकवायची. रान पुरं झालं की मालक पाणी सोडतो आणि मेंढरं दुसऱ्या रानाला जातात. कोंडाबाईचा मालक कांदे लावणार होता आणि पाणी उद्या सुटणार होतं. नवरा कळप घेऊन पाटसकडच्या रानाला पुढं गेला होता. जाळी, भांडी, वाकळा, कोंबड्या आणि ज्यांना चालवत नाही अशी कोकरं मागं राहिली होती. हे सगळं ज्या घोडीवर लादायचं ती पहाटेपासून नाहीशी.

"गाभण हाय," कोंडाबाई म्हणाली. "दिस भरल्यात. कुठं आडरानात येली आन् काय अडलं, तर दोन्ही जीव जातील. मी हितं भांडी राखत बसू का काय करू?"

गायकवाडांनी दवाखान्याला कडी घातली. मी वही पिशवीत टाकली.

भांडी आणि कोकरं शेजारच्या वस्तीवर सोपवून आम्ही निघालो. माग काढणं सोपं होतं. घोडं चालता चालता लीद टाकतं आणि रस्त्यावरची लीद लांबून दिसते. बांधावर एक, गाडीवाटेवर एक, पुढं पारगावच्या पुलाकडे जाणाऱ्या डांबरी सडकेवर एक. कोंडाबाईनं पहिलीच उचलून फोडली. आत न पचलेले बाजरीचे पिवळट दाणे.

"माझीच. परवा अख्खी बाजरी घातली व्हती. जड झालीय म्हून."

मी वाकून दाणे पाहत होते. गायकवाड तोंड फिरवून उभे होते. पुढं चालू लागल्यावर मी विचारलं, वास सहन होत नाही का? इतकी वर्षं याच कामात?

"वासाचं न्हाई मॅडम." ते म्हणाले. "माझी आजी सांगायची. खळ्यावर मळणीला बैल फिरायचे. त्यांच्या शेणात असेच अख्खे दाणे यायचे. आमच्या लोकांनी ते शेण पाटीनं न्यायचं, वढ्यावर धुवायचं, दाणे वाळवायचे आन् दळायचे. खळ्यावरचं चांगलं धान्य बघायचं फक्त."

"त्या दाण्यांना काही शब्द होता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्हता."

मी थांबले. ते थांबले नाहीत.

"तुमच्या वहीत न्हाई घालायचा. धर्म बदलल्यावर आजीनं तो शब्द घरात बोलू दिला न्हाई कुणाला. माझ्या पोरींना ठाऊक न्हाई. तो माझ्याबरोबरच जाऊ द्या."

कोंडाबाई पुढून ओरडली, "बोलत काय बसलाय! हितं आणखी हाय!"

पूल

पुलाच्या अलीकडे शेवटची लीद सापडली. नंतर काही नाही. पूल ओलांडला, दौंडच्या हद्दीत गेलो, दोन्ही कडेचा ऊस पाहिला, वाटा पाहिल्या, शेतात शिरलो. एकही नाही. भीमेवरून गार वारा येत होता आणि उसाची पानं सारखी सळसळत होती. दर सळसळीला कोंडाबाई वळून पाहायची.

आम्ही तिघांनी मिळून जे अनुमान काढलं ते तेव्हा अगदी पक्कं वाटलं. चालतं घोडं लीद टाकणारच. लीद संपली म्हणजे घोडी चालायची थांबली. थांबली आणि दिसत नाही म्हणजे कुणीतरी गाडीत चढवली.

"टेंपोत घातली," गायकवाड म्हणाले.

"मेल्यांचं तळपट होवो!" कोंडाबाईनं पदर कमरेला खोचला. "चला चौफुल्याला."

वडाप जीपनं चौफुला गाठला. पुणे-सोलापूर रस्ता, चहाच्या टपऱ्या, भेळ. मी कामाची वाटणी केली: गायकवाड टेंपोवाले, मी हॉटेलं, कोंडाबाई टायरवाले. एका बिहारी पंक्चरवाल्यानं सांगितलं, "घोडी? हाँ, कासुर्डी की तरफ देखी, सफेद." कोंडाबाईची घोडी तांबडी. तरी ती म्हणाली, "धुळीनं पांढरी दिसली आसंल." आशा माणसाला रंगही बदलून देते. आम्ही कासुर्डीला गेलो.

एका मंडपामागं पांढरी घोडी बांधलेली होती, कपाळाला गोंडे, पायांत चाळ. मालक खाटेवर बसून बिडी ओढत होता. कोंडाबाईनं घोडीकडे पाहिलंसुद्धा नाही. मागं जाऊन काठीनं लीद उकलली.

"हरभऱ्याची सालपटं," ती म्हणाली. "नवरदेवाची घोडी. खुराकावरची."

"काय वं मावशे," मालक म्हणाला, "तोंड बघून घोडी वळखायची सोडून हे काय?"

"तोंडाला तू गोंडे बांधलेस बाबा. लिदीला कुठं बांधशील?"

आम्ही हसलो. तीही हसली आणि मग तिथंच मंडपाच्या खांबाला टेकून खाली बसली. लग्नघरच्या बायकांनी तिला पाणी दिलं, आम्हाला आग्रहानं जेवायला बसवलं. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. इकडची पंगत आमच्या शहरी बुफेपेक्षा मला नेहमीच बरी वाटते. माणूस बसतो तरी. त्या दिवशी मात्र ताटावर बसणं शिक्षेसारखं होतं. कोंडाबाईनं बुंदी पदरात बांधून घेतली. "घोडीला गोड आवडतं," एवढंच म्हणाली.

रात्री आम्ही दोघी गायकवाडांच्या घरी न्हावऱ्यालाच होतो. त्यांच्या बायकोनं कोंडाबाईला गरम पाणी काढून दिलं, पायांना तेल दिलं. पाटसला निरोप पाठवायची सोय नव्हती. नवरा बायकोची वाट पाहत असणार. काय करायचं याचे मी तीन पर्याय मांडले. कोंडाबाईनं तिन्ही ऐकले आणि म्हणाली, "पुलावरच जाऊ."

पुन्हा पूल

उजाडता उजाडता पुलावर पोचलो. धुकं नदीवरून अजून उठलं नव्हतं. पलीकडून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन येत होती. मध्येच थांबली, पाटी खाली ठेवली, वाकली आणि रस्त्यावरचं काहीतरी दोन्ही हातांनी उचलून पाटीत टाकलं.

आम्ही तिघंही एकदम थबकलो.

"ए बाई!" कोंडाबाई किंचाळली. "ठेव! ठेव ती खाली!"

बाई दचकली, पण पाटी सोडली नाही. "का गं? रस्त्यावरची लीद हाय. तुझ्या नावाची हाय व्हय?"

"माझ्याच घोडीची हाय!"

"मंग तुझं नाव लिवून टाकत जा म्हनावं तिला!"

ही सोजर. नदीकाठी कुंभारकामाची छोटी भट्टी, विटा आणि चुली. मातीत लीद कालवली की चूल तडकत नाही, वीट हलकी होते. शेण चालत नाही. लिदीतला काडीकाडीचा चोथा मातीला धरून ठेवतो. म्हणून ती रोज पहाटे आणि दुपारी पाटी घेऊन हा रस्ता साफ करते. काल आम्ही पोचायच्या आत तिनं पुलापासून पुढची सगळी लीद वेचून नेली होती. माग तुटला नव्हता. तो तिच्या मातीत कालवला गेला होता.

गायकवाडांनी कपाळावर हात मारला. मी सकाळच्या चुलींचा धूर पाहत होते. त्या गावातल्या कितीतरी चुलींत घोड्या-गाढवांचे रस्ते भाजून बसले असतील.

कोंडाबाईनं पाटीत हात घातला. गाढवाची लीद बाजूला सारली, एक गोळा फोडला. बाजरीचा दाणा.

"ताजी हाय," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला. "बाई, तू ही कुठनं आनली? खरं सांग."

सोजरनं आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाहिलं. "अगं, तांबडी घोडी व्हय? ती माझ्या भट्टीमागं येड्या बाभळीत हाय कालपास्नं. मी म्हनलं बेवारशी दिसती. पानी ठिवलं तिला. दोन दिस आयती लीद मिळती, म्हून बोलले न्हाई कुनाला."

"पानी ठिवलंस?"

"मंग? लीद फुकट येती व्हय?"

कोंडाबाई पळाली. तिच्या मागं गायकवाड, मग मी, शेवटी पाटीसकट सोजर.

बाभळीत

घोडी उभी होती. तिच्या पायांपाशी ओलं, काळपट शिंगरू, पायांचे चार कोन करून उभं राहायच्या खटपटीत. कोंडाबाईनं घोडीच्या मानेला मिठी मारली, बुंदी तिच्या तोंडाशी धरली आणि दुसऱ्याच क्षणी शिंगराकडे वळली. ते उठलं, धडपडलं, सडाला लागलं, चीक प्यालं. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. कोंडाबाईनं टाकला नाही.

शिंगरानं प्यायचं सोडून शेपटी उचलली. पाठीची कमान केली, कुंथलं. काही नाही. पुन्हा प्यालं, पुन्हा कुंथलं. मग आडवं पडून पोटाकडे मान वळवू लागलं.

"पोट साफ झालं न्हाई," गायकवाड म्हणाले.

हे मलाही ठाऊक होतं. आईच्या पोटात असतानाच आतड्यात साचलेलं काळं, चिवट असं काही असतं. जन्मल्यावर चिकाबरोबर ते पडायला हवं. अडकलं तर शिंगरू फुगतं आणि बहुतेक वेळा हातचं जातं. डॉक्टर शिरूरला. आणायला दुपार झाली असती.

"साबण आहे," मी म्हटलं. महाबळेश्वरला मी ती वडी नेली असती का, कोण जाणे.

सोजरनं भट्टीवर पाणी कोमट केलं. गायकवाडांनी आपल्या पिशवीतून रबरी नळी काढली आणि माझे हातमोजे चढवले. कोंडाबाई शिंगराचं डोकं मांडीवर घेऊन बसली. एकदा नळीनं मागून साबणाचं पाणी दिलं. थांबलो. शिंगरू पाय झाडत होतं. सोजर भट्टीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. मी उभी राहिले, बसले, उभी राहिले. घोडी मान खाली घालून फुरफुरत होती. गायकवाडांनी दुसऱ्यांदा पाणी दिलं.

अस्वस्थ झाले की मी काहीतरी लिहायला घेते, तसा माझा हात पिशवीत गेला. वहीत घोड्याचं पान होतं: लीद, जागच्या जागी पडलेली, वाटेवरची. खाली मी 'शिंगरू, पहिल्या दिवसाचं' असं लिहिलं.

"कोंडाबाई, हे जे पहिलं पडतं ना, त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

तिनं मान वर केली. "नाव नंतर इचारा ताई. आधी शेपटी धरा."

मी वही जमिनीवर टाकली आणि शेपटी धरली. ओली, मनगटाएवढी सुद्धा नाही, आणि तिच्यातून त्या जिवाचं सगळं कुंथणं माझ्या हातात येत होतं. "जोर कर रं," कोंडाबाई म्हणत होती, "जोर कर माझ्या राजा." गायकवाड गुडघ्यावर बसून पोट चोळत होते. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. आयुष्यात क्वचितच असं झालंय. मग एक काळा, चकचकीत गोळा बाहेर आला. त्यामागं दुसरा. मग बरेच.

सोजरनं "आलं गं बया!" म्हणून टाळी वाजवली. कोंडाबाई रडत होती आणि हसतही होती. शिंगरू आपलं आपण उठलं आणि आईकडे गेलं, जणू आम्ही तिथं नव्हतोच.

सवयीनं सोजरचा हात त्या गोळ्यांकडे गेला आणि मध्येच थांबला. तिनं कोंडाबाईकडे पाहिलं.

"घे," कोंडाबाई म्हणाली. "आता शिंगरू चालाय लागस्तोवर मी हितंच हाय. दोघांचीबी तुझीच."

चौफुला

दुपारी गायकवाडांनी मला गाडीत बसवून दिलं. नंतर ते पाटसला कोंडाबाईच्या नवऱ्याला निरोप द्यायला जाणार होते. खिडकीशी उभं राहून म्हणाले, "मॅडम, चिठ्ठी पाठवतो. नमुन्याबरोबर."

गाडी यवत सोडून पुढं आली तेव्हा मी वही उघडली. पानांना चिखल लागला होता. शिंगराच्या ओळीत प्राणी लिहिलेला होता, वय लिहिलेलं होतं. पुढचा रकाना मोकळा. कोंडाबाईला नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

त्याच्या वर, गायकवाडांच्या आजीच्या त्या शेणातल्या दाण्यांच्या शब्दासाठी आदल्या दिवशी सवयीनं आखलेली एक ओळ होती. ती मी रबरानं खोडून टाकली. शिंगराची तशीच ठेवली.